नोंदणीची अट आणि विवेकाचे स्वातंत्र्य
(अभ्यासवर्गातील व्याख्यानाचा गोषवारा)



धर्म आणि शासनसंस्था यांची फारकत हा समाजवाद्यांचा जुना आग्रह आहे. परंतु फारकतीच्या नावाखाली शासनच धर्माच्या उंबरठ्यावर पहारेकरी होऊन बसले तर काय घडते, याचा धडा रशियातील बाप्टिस्ट पंथाच्या इतिहासात सापडतो. हा धडा समाजवादाच्या घरातलाच आहे. म्हणून तो अधिक बोचतो.

१८६७ साली टिफ्लिस येथे कुरा नदीत निकिता व्होरोनिन नावाच्या व्यापाऱ्याने बाप्तिस्मा घेतला. रशियन बाप्टिस्ट आपला आरंभ तेथून मानतात. झारशाही ऑर्थोडॉक्स चर्चच्या आधाराने उभी होती. युक्रेनच्या शेतकऱ्यांत पसरलेल्या ‘श्टुंडिस्ट’ मंडळींना १८९४ साली सरकारने विशेष घातक पंथ ठरविले आणि त्यांच्या प्रार्थनासभा बंद केल्या. या पीडितांची बाजू कोणी घेतली? रशियन समाजवाद्यांनी! त्यांच्या १९०३ च्या पक्षकार्यक्रमात विवेकस्वातंत्र्याची मागणी होती. लेनिनचे सहकारी बोंच-ब्रुयेविच यांनी १९०४ साली जिनिव्हाहून खास या पंथीयांसाठी पत्र काढले. त्याचे नाव ‘रास्स्व्येत’, म्हणजे ‘पहाट’.

क्रांतीनंतर ही पहाट उगवल्यासारखी वाटलीही. १९१८ च्या घटनेने धार्मिक आणि धर्मविरोधी अशा दोन्ही प्रचारांना मोकळीक दिली. परंतु १९२९ साली धर्मप्रचाराचा हक्क घटनेतून वगळला गेला. धर्मविरोधी प्रचाराचा तेवढा उरला. त्याच वर्षी एप्रिलमध्ये धार्मिक संघटनांचा कायदा आला. मंडळीची नोंदणी सक्तीची झाली. शिवाय मंडळीने साहाय्य निधी उभारावयाचा नाही, सहकारी संस्था काढावयाची नाही, गरजू सभासदाला पैशाची मदत करावयाची नाही, मुलांच्या व स्त्रियांच्या वेगळ्या सभा घ्यावयाच्या नाहीत, असे निर्बंध आले. परस्परसाहाय्य हा ज्या विचाराचा प्राण, त्याच विचाराच्या नावाने चालणाऱ्या राज्यात शेजाऱ्याला धर्मबंधू म्हणून मदत करणे गुन्हा ठरले, याहून मोठी विसंगती कोणती?

युद्धकाळात, १९४४ साली, शासनाने बाप्टिस्ट व तत्सम पंथांचा एक संघ मान्य केला. पुढे ख्रुश्चेव्हच्या राजवटीत, १९६० साली, याच संघाच्या नेत्यांकरवी आदेश निघाले : तरुणांचे बाप्तिस्मे आवरा, मुलांना उपासनेपासून दूर ठेवा. श्रद्धेवर बंदी घालण्याचे काम श्रद्धावंतांच्याच पुढाऱ्यांकडे सोपविण्यात आले. याविरुद्ध १९६१ साली बंड झाले. क्र्युच्कोव्ह आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी नोंदणीचे जोखड नाकारले. १९६४ साली कैद्यांच्या नातलगांची परिषद स्थापन झाली. अटक झालेल्यांच्या याद्या ती चिकाटीने जगापुढे ठेवी. तिच्या एक अग्रणी लिडिया व्हिन्स यांना साठी उलटल्यावर तीन वर्षांची सजा झाली. मे १९६६ मध्ये सुमारे पाचशे बाप्टिस्ट मॉस्कोत पक्षाच्या मध्यवर्ती समितीच्या इमारतीसमोर शांतपणे उभे राहिले. सत्याग्रहाचा वारसा सांगणाऱ्या आपल्यासारख्यांना हे दृश्य अनोळखी वाटू नये. उत्तर मिळाले ते अटकेचे. १९७४ साली लाटव्हियातील एका शेतवाडीवर बायबल छापणारा गुप्त छापखाना सापडला व सात तरुण स्त्रीपुरुष पकडले गेले. लिडियांचे पुत्र गेओर्गी व्हिन्स यांची १९७९ साली हेरांच्या बदल्यात अमेरिकेला रवानगी झाली. कायदा सैल होण्यास १९९० उजाडावे लागले. आणि २०१६ साली रशियात धर्मप्रचारावर पुन्हा निर्बंध आले.

कोणी म्हणेल, धर्म शोषणाला आधार देतो, मग त्याला आळा का घालू नये? धर्मचिकित्सा अवश्य करावी. जोतीराव फुल्यांनी ती निर्भयपणे केली. पण लेखणीने आणि वाणीने, फौजदाराच्या हातून नव्हे. चिकित्सेने माणूस विचार करू लागतो. पोलिसी धाकाने तो लपावयास शिकतो. शिवाय ज्या शासनाला प्रार्थनेसाठी परवाना मागण्याची सवय लागते, ते उद्या कामगारांच्या सभेसाठीही तो मागते.

आपल्याकडे ओरिसात १९६७ साली आणि मध्य प्रदेशात १९६८ साली ‘धर्मस्वातंत्र्य’ या नावाने धर्मांतराला वेसण घालणारे कायदे झाले. उत्तर प्रदेशच्या २०२१ च्या कायद्याने तर धर्म बदलू इच्छिणाऱ्याने साठ दिवस आधी जिल्हा दंडाधिकाऱ्याला कळवावे आणि त्याच्या हेतूची पोलिसांनी चौकशी करावी, अशी तरतूद केली. तेथे निरीश्वरवादी राज्य होते, येथे बहुसंख्याकांच्या धर्माची कड घेणारे राजकारण आहे. परंतु माणसाच्या अंतःकरणाची झडती घेण्याचा हव्यास दोन्हीकडे सारखाच. जबरदस्ती आणि फसवणूक यांना शिक्षा जरूर हवी. मात्र श्रद्धा बदलण्यासाठी सरकारी दप्तरात हजेरी लावण्याची अट आपण मान्य करता कामा नये.

ज्यांची श्रद्धा आपल्याला पटत नाही त्यांच्या स्वातंत्र्यासाठी रशियन समाजवादी १९०४ साली उभे राहिले होते. सत्ता हाती येताच त्यांना त्याचा विसर पडला. आपल्या हाती सत्ता असो वा नसो, आपल्याला तो पडू नये, एवढेच मला सांगावयाचे आहे.