जवस, तांबेरा आणि हॅरल्ड फ्लोर

झाडाच्या अंगात रक्त नाही, जंतूंचा पाठलाग करणाऱ्या पांढऱ्या पेशी नाहीत, आणि साथ आली म्हणून त्याला गाव सोडून जाताही येत नाही. तरीही शेतातले रोप भोवतालच्या बहुतेक बुरश्यांना आणि जिवाणूंना दाद देत नाही. या प्रतिकाराचा पहिला पक्का हिशेब अमेरिकेतल्या नॉर्थ डकोटा राज्यात, फार्गो इथे मांडला गेला. तो मांडणारे हॅरल्ड हेन्री फ्लोर हे अमेरिकी कृषी खात्याचे वनस्पतिरोगतज्ज्ञ होते आणि त्यांचे पीक होते जवस. पाठ्यपुस्तकात त्यांचा नियम एका ओळीत येतो: पिकातल्या प्रत्येक प्रतिकारक जनुकाला जोडीचे एक जनुक रोगजंतूत असते. त्या ओळीतून निघणारा अर्थ मात्र दूरवर जातो. रोगाला न जुमानण्याचा गुण एकट्या पिकाचा नसतो. समोर कोणती बुरशी आहे यावर तो ठरतो, आणि बुरशी बदलली की तोही बदलतो. पिकांचे वाण निवडताना आणि पेरताना ही गोष्ट आपण अजून पुरती हिशेबात धरत नाही, असे माझे मत आहे.

फ्लोर यांच्याआधी निम्मी वाट चालून झालेली होती. गव्हाचा पिवळ्या तांबेऱ्याला होणारा प्रतिकार मेंडेलच्या नियमाने पुढच्या पिढीत उतरतो, हे केंब्रिजच्या रोलंड बिफेन यांनी 1905 साली दाखवले होते. मिनेसोटात एल्विन स्टॅकमन यांनी काळ्या तांबेऱ्याची बुरशी एकजिनसी नसून तिचे अनेक प्रकार आहेत, हे सिद्ध केले होते. पिकाची आनुवंशिकता एका वहीत आणि बुरशीचे प्रकार दुसऱ्या वहीत, असे चालले होते. फ्लोर यांनी दोन्हींचा संकर एकाच वेळी केला. जवस इथे फार उपयोगी पडले. गव्हाच्या काळ्या तांबेऱ्याला लैंगिक अवस्थेसाठी बार्बेरीच्या झुडपावर जावे लागते. जवसावरचा तांबेरा आपला सगळा जीवनक्रम जवसावरच पुरा करतो. त्यामुळे रोप आणि बुरशी या दोघांच्याही पिढ्या त्याच झाडावर तपासता आल्या.

त्यांच्या एका प्रयोगातले आकडे ऐकण्यासारखे आहेत. त्यात ओटावा 770 बी आणि बॉम्बे या नावांचे जवसाचे दोन वाण होते. तांबेऱ्याचा 22 क्रमांकाचा प्रकार ओटावावर वाढे, बॉम्बेवर नाही. 24 क्रमांकाच्या प्रकाराचे नेमके उलट होते. वाणांच्या संकरातून दुसऱ्या पिढीत 194 रोपे मिळाली. त्यांपैकी 110 दोन्ही प्रकारांना पुरून उरली आणि 9 दोन्हींना बळी पडली. बुरशीच्या संकरातून 133 नमुने तपासले. 78 कोणत्याच वाणावर वाढले नाहीत, तर दोन्ही वाण जिंकणारे निघाले फक्त 5. दोन्हीकडे तेच नऊ, तीन, तीन, एक हे मेंडेलचे प्रमाण. आणखी एक गोष्ट त्यातून निघाली, आणि माझ्या मते तीच सर्वांत मोलाची आहे. बुरशीत रोग पाडण्याची क्षमता अप्रभावी होती, तर रोग न पाडणे हा गुण प्रभावी होता. म्हणजे बुरशीजवळ असे काहीतरी असते, ज्यावरून झाड तिला ओळखते. ते गमावले किंवा बदलले की ती ओळखू येत नाही आणि रोग फैलावतो.

त्या काळी या ओळखीला रेणूंचा आधार नव्हता. ब्रायन स्टॅस्काविच आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी 1984 साली सोयाबीनवरच्या जिवाणूतून असे ओळख पटवणारे पहिले जनुक वेगळे केले. पुढे 1995 साली ऑस्ट्रेलियात खुद्द जवसातले एल-6 हे प्रतिकारक जनुक हाती आले. 2006 साली तर जवसाचे प्रथिन आणि तांबेऱ्याचे प्रथिन थेट एकमेकांना चिकटतात, हेही दिसले. फ्लोर यांनी केवळ पानांवरचे फोड पाहून आणि मोजून काढलेला निष्कर्ष अर्ध्या शतकानंतर इतका तंतोतंत खरा ठरावा, ही विज्ञानातली दुर्मीळ गोष्ट आहे.

यावर एक आक्षेप हमखास घेतला जातो. प्रतिकारक वाण काही वर्षांत कोसळतातच, मग या ज्ञानाचा उपयोग काय? राय या धान्यातून गव्हात आणलेल्या एसआर-31 या जनुकावर जगभरचे वाण विसंबून होते, आणि युगांडात आढळलेल्या ‘यूजी 99’ या तांबेऱ्याने 1999 साली ते निष्प्रभ केले. पण हा पराभव फ्लोर यांच्या नियमाबाहेरचा नाही. नियमाने तो आधीच सांगितलेला आहे. कोट्यवधी बीजाणूंपैकी एकाला एकच बदल जमला तरी एका जनुकाची तटबंदी पडते. उपायही त्याच आकड्यांत आहे: 133 नमुन्यांपैकी एकेक वाण जिंकणारे पंचविसाच्या आसपास होते, दोन्ही जिंकणारे 5. ताजी, अजून न हरलेली जनुके एकाच वाणात एकत्र आणली की बुरशीचे काम फार अवघड होते. तीच जनुके एकामागून एक वेगवेगळ्या वाणांतून सोडली, तर आपण तिला एकेक पायरी बांधून देतो.

दुसरा आक्षेप अधिक वजनदार आहे: सगळे रोग या नियमात बसत नाहीत. ते मला मान्य आहे. अमेरिकेत ‘व्हिक्टोरिया’ या ओटमधून आणलेला तांबेऱ्याचा प्रतिकारच 1940 च्या दशकात एका नव्या करप्याला आमंत्रण ठरला, कारण ती बुरशी मेलेल्या पेशींवर जगणारी होती आणि झाडाच्या बचावाचाच तिला फायदा झाला. भारतात 2008 साली आलेल्या ‘सुधारित सांबा मसुरी’ या भाताच्या वाणात जिवाणूजन्य करप्याविरुद्ध तीन जनुके एकत्र आणली आहेत. त्यांतली दोन अप्रभावी आहेत, म्हणजे ती फ्लोर यांच्या नमुन्याप्रमाणे वागत नाहीत. तरी हा वाण घडवणाऱ्या हैदराबादच्या शास्त्रज्ञांनी तीन जनुके एकत्र का आणली, याचे कारण फ्लोर यांच्या वहीतच सापडते. नियमाला अपवाद असले, तरी पीक आणि जंतू एकत्रच तपासावे लागतात, ही त्यांची शिस्त अपवादांनाही लागू पडते.

आपल्याकडे महाबळेश्वरच्या गहू गेरवा संशोधन केंद्रात गव्हाच्या वाणांची तांबेऱ्यापुढे परीक्षा घेतली जाते. या परीक्षेचा निकाल ‘प्रतिकारक’ या एका शब्दावर संपू नये. कोणत्या जनुकामुळे आणि तांबेऱ्याच्या कोणत्या प्रकारांविरुद्ध, हे वाणाच्या प्रसारपत्रकावर सोप्या मराठीत छापले जावे. वेगळ्या नावांचे दोन वाण शेजारी पेरणाऱ्या शेतकऱ्याला वाटते की धोका विभागला गेला. पण दोन्ही वाण एकाच जनुकावर उभे असतील, तर तांबेऱ्याच्या लेखी ते एकच शेत आहे. ही माहिती पेरणीआधी त्याच्या हाती पडायला हवी.