आकडेवारीचे सुलभीकरण : संगणकाच्या गाभ्यातील एक धडा

आकडेवारी उपलब्ध असणे आणि ती वापरण्याजोगी असणे या दोन भिन्न बाबी आहेत. लिनक्स या कार्यप्रणालीच्या गाभ्यात, म्हणजेच कर्नेलमध्ये, याचे बोलके उदाहरण आढळते.

झेडरॅम हा त्यातील एक ड्रायव्हर. मेमरीतील माहिती संकुचित करून ती रॅममध्येच साठविण्याचे काम तो करतो. अनेक अँड्रॉइड फोनमध्ये त्याचा उपयोग होतो. मूळ माहितीचे आकारमान, संकुचित आकारमान, वापरलेली मेमरी हे आकडे प्रारंभी स्वतंत्र फायलींतून मिळत. 'एका फाईलमध्ये एकच मूल्य' हा संकेत त्यामागे होता. तो सुटसुटीत खरा. परंतु एक फाईल वाचून दुसरी वाचेपर्यंत स्थिती बदललेली असे. मग दोन आकड्यांवरून काढलेले गुणोत्तर विश्वसनीय कसे मानावे? एका वर्षाचे उत्पन्न आणि दुसऱ्या वर्षाची लोकसंख्या घेऊन दरडोई उत्पन्न काढण्यासारखेच ते होते. शिवाय प्रत्येक फाईल उघडण्या-वाचण्याचा भार वेगळाच.

२०१५ मध्ये हे आकडे गटवार एकत्र आणण्यात आले. मेमरीविषयक आकडे 'एमएम_स्टॅट' या फाईलमध्ये एकाच ओळीत मिळू लागले. जुन्या फायली मात्र लगेच काढल्या नाहीत. त्या कालबाह्य ठरल्याची पूर्वसूचना कर्नेलच्या नोंदीत उमटू लागली आणि २०१७ मध्ये त्या वगळण्यात आल्या.

सुलभीकरण म्हणजे केवळ आकडे कमी करणे नव्हे. एकत्र वाचावयाचे आकडे एकत्र देणे आणि जुन्या वापरकर्त्यास बदलासाठी अवधी देणे, हे त्याचे दोन निकष होत.