करारातली फौज, कराराबाहेरचा आसरा

सीताबर्डीची लढाई आपण नागपूरकर शाळेपासून ऐकत आलो. २६-२७ नोव्हेंबर १८१७, टेकडीवर ईस्ट इंडिया कंपनीची फौज, समोर भोसल्यांची. मला आज बोलायचं आहे ते त्याआधीच्या दीड वर्षाबद्दल आणि नंतरच्या बावीस वर्षांबद्दल.

मार्च १८१६ मध्ये नागपूरचे राजे दुसरे रघूजी भोसले वारले. गादीवर आले परसोजी, शरीरानं अधू. कारभार कोणी पाहायचा यावरून वाड्यात तट पडले. परसोजींचे चुलतभाऊ अप्पासाहेब यांनी आपली बाजू भक्कम करायला मे महिन्यात कंपनीशी तैनाती फौजेचा करार केला. खर्च नागपूरच्या खजिन्यातून, हुकूम मात्र कंपनीचा. फेब्रुवारी १८१७ मध्ये परसोजींचा खून झाला. संशय अप्पासाहेबांवर आला आणि गादीही त्यांनाच मिळाली. पुढे त्यांनी पेशव्यांशी संधान बांधलं, तेव्हा सीताबर्डीवर त्यांच्याविरुद्ध उभी राहिली ती हीच फौज! मार्च १८१८ मध्ये कंपनीचा रेसिडेंट जेंकिन्स यानं त्यांना कैद केलं आणि गादीवर एक अल्पवयीन वारस बसवला. वाड्यातल्या भाऊबंदांना धाकात ठेवायला आणलेल्या बंदुकांनीच वाड्याचा धनी बदलला.

कैदी म्हणून अलाहाबादला नेत असताना, मे महिन्यात, शिपायाचा वेश करून अप्पासाहेब निसटले. त्याच सुमारास पेशवे दुसरे बाजीराव शरण गेले आणि वर्षाला आठ लाखांच्या पेन्शनवर बिठूरला जाऊन राहिले. अप्पासाहेबांच्या वाट्याला पेन्शन नव्हती, होतं ते डोक्यावरचं इनाम. तरी महादेवाच्या डोंगरांत गोंड सरदारांनी त्यांना लपवलं, त्यांच्यासाठी इंग्रजांशी झुंज घेतली. मग असीरगडचा किल्ला; एप्रिल १८१९ मध्ये तोही पडला. पुढे लाहोरला रणजितसिंहांकडे, तिथूनही निघावं लागलं, मग मंडी, आणि शेवटी जोधपूर.

जोधपूरचे राजे मानसिंह कंपनीशी १८१८ मध्येच तहानं बांधले गेले होते. तरीही नाथपंथीयांच्या महामंदिरात आलेल्या माणसाला त्यांनी हवाली केलं नाही. अखेर अप्पासाहेबांची जबाबदारी मानसिंहांनीच घ्यावी, एवढ्यावर कंपनीला थांबावं लागलं. १८४० मध्ये अप्पासाहेब तिथेच वारले.

अप्पासाहेबांना निर्दोष ठरवायला मी उभा नाही. पण हिशेब पाहा. सही-शिक्क्यानिशी मिळवलेलं संरक्षण दोन वर्षंही पुरलं नाही. ज्यांच्याशी कसलाच करार नव्हता, त्यांनी मात्र बावीस वर्षं जगवलं.

असा कराराबाहेरचा आसरा आपल्या काळातही दिसतो. १ फेब्रुवारी २०२१ रोजी म्यानमारमध्ये लष्करानं सत्ता बळकावली, तेव्हा हजारो माणसं सीमा ओलांडून मिझोरममध्ये आली. निर्वासितांविषयीच्या १९५१ च्या आंतरराष्ट्रीय करारावर भारताची सही नाही, आणि केंद्रानं तर लोंढे रोखायला सांगितलं होतं. मिझो लोकांनी वंशानं जवळच्या या माणसांना तरीही ठेवून घेतलं. सत्ता उलथते तेव्हा पळणाऱ्याचं पुढे काय होणार, हे पुष्कळदा अशी दारं उघडणारे ठरवतात. आणि इतिहासात त्यांची नावं, गोंड सरदारांसारखीच, तळटीपेत जातात. ती वर आणणं हे आपलं, वाचणाऱ्यांचं काम आहे.