वजन वाढले म्हणजे मूल बरे झाले काय?

(ज्ञातिमंडळाच्या वार्षिक संमेलनात जव्हार येथे दिलेले व्याख्यान)



मंडळाच्या चिटणिसांनी आरोग्यावर चार शब्द बोलण्याची आज्ञा केली, तेव्हा सर्वांच्या परिचयाचा एखादा विषय मी घेईन अशी त्यांची अपेक्षा असावी. मी मात्र दहा लाख लोकांत वर्षाकाठी एखाददुसऱ्यासच होणारा विकार निवडला आहे. जव्हार व मोखाडा या दोन तालुक्यांची लोकसंख्या 2011 च्या जनगणनेप्रमाणे सव्वादोन लाखांच्या आसपास. म्हणजे येथे कित्येक वर्षांतून एखादाच रोगी आढळावयाचा. तरीही हा विषय घेतला, याचे कारण पूर्वी माझ्याच हातून घडलेली एक चूक होय.

मेंदूच्या तळाशी, नाकाच्या मुळामागे, वाटाण्याएवढी एक ग्रंथी असते. तिला पोषग्रंथी म्हणतात. शरीराची वाढ, तारुण्याचे आगमन, पाण्याचे नियमन, अवटू व अधिवृक्क या ग्रंथींचे काम, ही सारी सूत्रे तिच्या हाती. तिच्या लगत बालवयात क्वचित एक गाठ उत्पन्न होते. क्रॅनियोफॅरिंजिओमा असे तिचे जडजंबाल नाव आहे. ती कर्करोगाची नव्हे. पण जागा मोठी अडचणीची. मुलाची उंची खुंटते, सकाळी डोके दुखून उलटी होते, बाजूचे दिसेनासे होते, कित्येकांची तहान व लघवी अतोनात वाढते. उंची खुंटली की आपल्या भागात पहिला संशय कुपोषणाचा येतो, आणि तो बहुधा खराही असतो. 1992 साली वावर-वांगणीची बालके दगावली, तेव्हापासून तर आम्हा साऱ्यांची नजर एकाच गोष्टीवर खिळून राहिली आहे: मुलाच्या अंगावर मांस चढते की नाही.

याच नजरेने मला फसविले. मुंबईत अशी गाठ काढून आणलेला एक मुलगा सहा महिन्यांनी माझ्यापुढे उभा राहिला. अंग चांगलेच भरले होते. मी त्याच्या आईला म्हणालो, ‘‘बाई, पोराने बाळसे धरले, आता काळजी नको.’’ ती माउली समाधानाने घरी गेली. वस्तुतः ती त्याच्या दुखण्याच्या दुसऱ्या पर्वाची सुरुवात होती, आणि मी तिचे अभिनंदन करून बसलो होतो!

पोषग्रंथीच्या वरच्या अंगास हायपोथॅलॅमस नावाचा मेंदूचा भाग आहे. पोट भरल्याची वर्दी त्याच्याकडे पोहोचते. गाठीने किंवा शस्त्रक्रियेने त्याला इजा झाली, तर मुलास तृप्ती ठाऊकच राहत नाही. शिवाय शरीराचा शक्तिव्ययही मंदावतो. त्यामुळे बेताचे खाऊनही वजन वाढते, आणि पहिल्या वर्षात ते फार झपाट्याने वाढते. असे मूल रात्री उठून टोपलीतली नागलीची भाकरी चोरून खाते. त्याला खादाड म्हणून बोल लावणे, मारणे, हा निव्वळ अन्याय आहे. तहानलेल्यास पाणी मागितल्याबद्दल मारावे तशातलाच तो प्रकार.

पुढे काय होते? पोटावर चरबी साठते, यकृतातही साठते. रक्तातील मेद वाढतो, इन्सुलिनचा प्रभाव कमी पडू लागतो, तरुणपणीच मधुमेह व रक्तदाब गाठतात. वाढीच्या हॉर्मोनाची उणीव या साऱ्यात भर घालते. स्वीडनमधील रोसेन व बेंगट्सन या वैद्यांनी पोषग्रंथी निकामी झालेल्या 333 रोग्यांचा अभ्यास 1990 मध्ये प्रसिद्ध केला. ते रोगी बहुतांशी प्रौढ होते. परंतु त्यांच्यात हृदय व रक्तवाहिन्यांच्या विकाराने होणारे मृत्यू अपेक्षेहून सुमारे दुप्पट आढळले. बालपणी ही गाठ झालेल्यांबाबतच्या नंतरच्या नोंदीही त्याच दिशेच्या आहेत. डोक्यास किरणोपचार झाले असतील, तर मेंदूच्या रक्तवाहिन्यांना पुढे धोका राहतो, तो निराळाच.

तेव्हा गाठ निघाली म्हणून वैद्याचा उंबरठा सुटत नाही. वजन, कमरेचा घेर, रक्तदाब, साखर व रक्तातील मेद यांची तपासणी जन्मभर, निदान वर्षातून एकदा तरी व्हावी. वजन, रक्तदाब व साखर येथील पतंगशहा कुटीर रुग्णालयात पाहता येते. हॉर्मोनांच्या मात्रा ठरविण्यास मुंबईच्या के. ई. एम. रुग्णालयात अंतःस्रावी ग्रंथींचा स्वतंत्र विभाग आहे. हायड्रोकॉर्टिसोनची मात्रा अकारण जास्त झाली तर तीही वजन वाढविते. म्हणून ती वेळोवेळी जोखून घ्यावी लागते. पण ही गोळी मनाने बंद करू नये, त्यात प्राणावर बेतते. तापात तिची मात्रा वैद्याने सांगून ठेवल्याप्रमाणे वाढवावी लागते, आणि उलट्यांमुळे गोळी पोटात ठरत नसेल तर तत्काळ इंजेक्शनच हवे. दिवाळीनंतर आपल्याकडील कित्येक कुटुंबे वीटभट्ट्यांवर जातात. अशा वेळी भांड्याकुंड्यांबरोबर ही गोळी व आजाराचा कागद बांधून घेतला पाहिजे. भिवंडीच्या वैद्यास मुलाचा पूर्वेतिहास कोठून ठाऊक असणार?

आता एक अप्रिय गोष्ट. ही सभा ज्ञातीची आहे, म्हणूनच येथे बोलतो. मूल मोठे होऊ लागले की सोयरिकीच्या भीतीने घरचे लोक शस्त्रक्रियेची गोष्ट दडवितात, कागद फाडतात, दवाखान्याची वाट सोडतात. तारुण्य उशिरा येणे, अपत्याचा प्रश्न, यांवर वैद्यकात आज पुष्कळ उपाय आहेत. कागद फाडण्यावर मात्र नाही. वधूवरसूचक समितीच्या सभासदांनी याचा विचार करावा.

त्या मुलाची आई दीड वर्षाने पुन्हा आली, तेव्हा मी प्रथम तिची क्षमा मागितली. तिला ती कशाबद्दल हे कळेना. मग तिच्या पिशवीतून तिने जुन्या कागदांची गुंडाळी काढली. एकही कागद तिने फाडला नव्हता. तेवढ्यावरूनच आम्हाला पुढचे उपचार नीट लावता आले.