जुन्या पेटीत नवा पिनबॉल

पिनबॉलच्या उतरत्या फळीवरून घरंगळणारी पोलादी गोळी वर परतवणारे फ्लिपर पहिल्यांदा आले १९४७ साली, शिकागोच्या गॉटलिब कंपनीच्या ‘हम्प्टी डम्प्टी’ या यंत्रात. एकूण सहा!

अशा जुन्या यंत्राची लाकडी पेटी आता नव्या खेळासाठी वापरता येते. खेळाच्या फळीच्या जागी काचेखाली टीव्हीचा पडदा आडवा बसतो, मागच्या उभ्या खोक्यात दुसरा पडदा आणि तळाशी संगणक. ‘व्हिज्युअल पिनबॉल’ हे मोफत सॉफ्टवेअर घातलं की एकाच पेटीत कितीतरी खेळ मावतात.

पण खरी गंमत हाताला जाणवते. पडद्यावरच्या गोळीला वजन कुठलं? म्हणून हौशी कारागीर पेटीत विद्युतचुंबकीय सोलेनॉइड बसवतात. बटण दाबताच ते ठक्‌कन आदळतं आणि तो धक्का तळहातापर्यंत पोचतो. पेटीला दिलेला हलका हिसका संवेदक टिपतो, आणि पडद्यावरची गोळीही तशीच सरकते. मला हे काम फार देखणं वाटतं.

मात्र एक विनंती. यंत्र दुरुस्त होण्याजोगं असेल, तर ते मोडू नका. आतून पार गेलेली पेटीच या कामासाठी निवडा, आणि काढलेले चांगले सुटे भाग जुनी यंत्रं दुरुस्त करणाऱ्याकडे पोचवा.