माळढोक आपल्या वाटेवरच होता

(मंडळाच्या कार्यक्रमात दिलेलं भाषण)



चिटणीसांनी ‘वाळवंटातल्या पक्ष्यांची छायाचित्रं’ असा विषय दिला आणि सोबत बजावलंही, की फोटो भरपूर दाखवा, बोलणं कमी ठेवा. आरतीची वेळ सांभाळायची आहे, तेव्हा लगेच पडद्याकडे वळतो.

आम्ही दोघं मागच्या हिवाळ्यात जैसलमेरला गेलो ते मुख्यतः माळढोकासाठी. तिकडे त्याला गोडावण म्हणतात. राजस्थानचा तो राज्यपक्षी. उंची मीटरभर, नराचं वजन १५ किलोपर्यंत. आज मोकळ्या रानात असे १५०च्या आसपास उरले आहेत आणि त्यांतले बहुतेक जैसलमेर जिल्ह्यात आहेत.

वाळवंट म्हटलं की आपल्याला वाळूच्या टेकड्या दिसतात. त्या सम गावाजवळ आहेत, उंट आहेत, रात्री नाचगाणीही आहेत. पक्षी मात्र तिथे शोधू नका. तिथलं राष्ट्रीय मरुउद्यान ३१६२ चौरस किलोमीटरचं, आणि त्याचा बराचसा भाग म्हणजे खडकाळ माळ, सेवण गवत, मधूनच एखादी खेजडी, कैर नाहीतर आपली रुई. तिथले पक्षी त्या मातीच्याच रंगाचे. हा पाहा धाविक. नाही दिसला ना? आम्हांलाही आधी दिसला नव्हता, ड्रायव्हरनं दाखवला. पखुर्ड्यांचा थवा तर गाडीपासून वीस पावलांवर बसला होता आणि आम्ही दुर्बिणीतून लांब पाहत होतो.

फोटोचं गणित सोपं आहे. पहाटे निघायचं आणि नऊ-साडेनऊला कॅमेरा पिशवीत घालायचा. नंतर जमीन तापते, हवा थरथरते, आणि लांब पल्ल्याच्या लेन्समधून पक्षी पाण्यातून पाहावा तसा दिसतो. मग लाखाची लेन्स काय नि साधी काय! गाडीतून उतरायचं नाही. माणूस पायी दिसला की पक्षी दूर सरकतात, गाडी मात्र बराच वेळ खपवून घेतात. खिडकीवर लेन्स टेकवायला आम्ही इथून रिकामी पिशवी नेली आणि जैसलमेरच्या बाजारात ती बाजरीनं भरली. परतताना त्याच बाजरीच्या भाकरी झाल्या, हे ओघात सांगतो.

आता हा फोटो. तुम्ही टाळ्या वाजवल्यात, पण आधी ऐका. माळढोक पंख पसरून उडतोय, मानेचं पांढरं, डोक्यावरची काळी टोपी, सगळं स्वच्छ. आमच्या सहलीतला हा सर्वांत चांगला फोटो, आणि तो आमच्या चुकीमुळे मिळाला. उद्यानाच्या कुंपणाबाहेर, चराऊ रानात, तो शांतपणे किडे टिपत होता. अंतर जास्त होतं. आम्हीच ड्रायव्हरला म्हणालो, ‘थोडं पुढे घ्या.’ त्यानं घेतली. पक्ष्यानं मान ताठ केली, चालायला लागला. आम्ही पुन्हा म्हणालो, ‘अजून थोडं.’ मग तो उडाला. मागे तिरक्या काळ्या रेघा दिसतात ना, त्या विजेच्या तारा.

माळढोकाचे डोळे डोक्याच्या दोन्ही बाजूंना. समोरचं त्याला कमी दिसतं. अंग जड, त्यामुळे तार जवळ आल्यावर झटकन वळताही येत नाही. तारांना धडकून हे पक्षी मरतात, म्हणूनच सर्वोच्च न्यायालयानं एप्रिल २०२१मध्ये त्यांच्या रानातल्या तारा जमिनीखाली घ्यायला सांगितलं होतं. सौर आणि पवन ऊर्जेची अडचण पुढे आल्यावर मार्च २०२४मध्ये तो आदेश बदलला आणि प्रश्न तज्ज्ञांच्या समितीकडे गेला. स्वच्छ वीज आपल्यालाही हवीच आहे; म्हणून एका बाजूला बोट दाखवणं आम्हांला जमत नाही. आमचा माळढोक तारांच्या वरून निघून गेला. ती दोन-तीन सेकंदं गाडीत कुणी श्वास घेतला नव्हता. मादी वर्षाला बहुधा एकच अंडं घालते, तेही उघड्या जमिनीवर. असा एक पक्षी गेला तर काय जातं, हे आम्हांला पुस्तकातून माहीत होतं.

ड्रायव्हरनं नंतर चहा पिताना विचारलं, ‘तुमच्याकडे नाही का हा?’

होता. सोलापूरपासून बार्शी रस्त्यानं वीसेक किलोमीटरवर नान्नज आहे. तिथले माळढोक १९७२मध्ये लोकांपुढे आणले ते सोलापूरच्या बी. एस. कुलकर्णी यांनी. १९७९मध्ये अभयारण्य झालं. अभयारण्याची हद्द आखली साडेआठ हजार चौरस किलोमीटरची. त्यात लोकांची शेतं, गावं सगळंच आलं आणि नाराजीही. पुढे ती बरीच कमी करावी लागली. दरम्यान पाणी आलं, ऊस आला, द्राक्षबागा आल्या. उरलेल्या माळाला ‘ओसाड’ समजून त्यावर झाडं लावली गेली. झाडं लावणं वाईट कसं, असं आम्हांलाही वाटायचं. पण या पक्ष्याला लांबवर दिसणारं उघडं गवत लागतं. आता तिथे एखाददुसरा दिसल्याची बातमी येते. आपल्या दुसऱ्या बाजूला, पूर्वी कर्नूल जिल्ह्यात असलेलं रोल्लपाडू, तेही १९८८पासून याच पक्ष्यासाठी राखलेलं.

म्हणजे हैदराबादहून पुण्या-मुंबईला जाताना आपण सगळे वर्षानुवर्षं माळढोकाच्या गावाजवळून गेलो. हुसेनसागर एक्सप्रेसमध्ये सोलापूर आलं की चादरी आठवल्या, शेंगाची चटणी आठवली. तेव्हा आमच्याकडे कॅमेरा होता तो लग्नामुंजीचा. आता लेन्स आली, तर पक्ष्यासाठी पार वाळवंटापर्यंत जावं लागलं.

येत्या जानेवारीत आम्ही सोलापूरला उतरणार आहोत. नान्नजला काळवीट हमखास दिसतात, लांडगाही दिसू शकतो, गवत तर आहेच. माळढोक दिसला तर गाडी होती तिथेच थांबवायची, एवढं ठरलंय. लेन्स न्यायची की फक्त दुर्बीण, यावर मात्र घरात अजून एकमत नाही.