घर, गिऱ्हाईक आणि दलाल



'घर पाहावे बांधून' असे आपले वाडवडील म्हणत. मुंबई-पुण्याच्या माणसाला घर बांधून पाहण्याची सोय आता राहिली नाही. तो बांधलेले घर विकत घेतो, नाही तर भाड्याने घेतो. आणि दोन्ही वेळा त्याच्या आणि घराच्या मध्ये एक गृहस्थ उभा असतो. त्याला कोणी दलाल म्हणतात, कोणी एजंट म्हणतात, आणि दलाली देऊन झाल्यावर काय म्हणतात ते आकाशवाणीवर सांगण्याजोगे नाही. इंटरनेट आले तेव्हा पुष्कळांना वाटले की, हा गृहस्थ आता मधून जाणार. तो गेला का, आणि गेला नसेल तर का नाही, याचा आज थोडा विचार करू.

या धंद्याचे भांडवल काय होते, ते आधी पाहिले पाहिजे. वाण्याच्या दुकानाशेजारी एक खुर्ची, एक टेलिफोन आणि एक वही. कोणते बिऱ्हाड कधी हलणार, कोणाला मुलीच्या लग्नासाठी जागा घाईने काढायची आहे, याची टिपणे त्या वहीत असत. ती वही तुम्हाआम्हाला वाचता येत नव्हती, म्हणून आपण दलाली देत होतो. वर्तमानपत्राच्या छोट्या जाहिरातीत 'एजंट क्षमस्व' असे छापले, तरी पहिला फोन एजंटाचाच येई!

२००५ साली 'नाइन्टीनाइन एकर्स' आणि २००६ साली 'मॅजिकब्रिक्स' ही संकेतस्थळे निघाली आणि ती वही चव्हाट्यावर आली. २०१४ साली बंगळूरात निघालेल्या एका कंपनीने तर 'नोब्रोकर' असेच नाव घेतले. आता घरबसल्या शंभर जागा दिसतात, भाव ताडून पाहता येतात. हा लाभ लहान नाही. पण गंमत अशी की, वही उघडी होताच दलालही तिच्यात लिहू लागला. एकच जागा पाच एजंट पाच भावांनी टाकतात. फोटो भलत्याच खोलीचे असतात. कधीच भाड्याने गेलेली जागा पडद्यावरून हलत नाही, कारण तिच्यामुळे फोन येतात. आपण फोन केला की उत्तर ठरलेले: "ती कालच गेली हो, पण तशीच दुसरी आहे, थोडी वर जाईल." एकदा आपला नंबर तिथे भरला की आठवडाभर जेवण सुखाचे होत नाही. यात नवल नाही. अशा बहुतेक ठिकाणी पैसे भरणारे गिऱ्हाईक म्हणजे एजंट आणि बिल्डर, आपण नव्हे. आपला नंबर हा तिथला माल आहे.

बरे, दलाल आपल्या बाजूचा असतो का? इथे थोडे गणित करावे लागेल. समजा, एक घर ६० लाखांना जाते आणि दलाली शेकडा २ ठरली आहे. दलालाला १,२०,००० रुपये मिळाले. विकणाऱ्याने आणखी महिनाभर दम धरला आणि घर ६१ लाखांना गेले, तर मालकाला एक लाख जास्त मिळतील. दलालाला फक्त २,००० रुपये. तेवढ्यासाठी तो महिनाभर कशाला थांबेल? तो मालकाला सांगणार, "साहेब, याहून चांगलं गिऱ्हाईक मिळणार नाही." लेव्हिट आणि सिव्हर्सन या दोन अमेरिकन अर्थशास्त्रज्ञांनी शिकागो भागातल्या सुमारे एक लाख घरविक्रींचा अभ्यास करून २००८ साली तो प्रसिद्ध केला. दलाल स्वतःचे घर विकतो तेव्हा ते सुमारे साडेनऊ दिवस जास्त बाजारात ठेवतो आणि सुमारे ३.७ टक्के जास्त किंमत मिळवतो, असे त्यांना आढळले. त्याला मी लबाडी म्हणणार नाही. मोबदल्याची रीतच तशी आहे. आणि ती रीत इंटरनेटने बदललेली नाही.

उलट काही गोष्टी पडद्यावर येतच नाहीत, आणि तिथे दलाल टिकून आहे. पावसाळ्यात कोणत्या भिंतीला ओल येते, पाणी किती वाजता येते आणि किती वेळ टिकते, हे त्याला ठाऊक असते. याहून अप्रिय गोष्ट म्हणजे आडनावाची चौकशी. 'अमुक धर्माच्या माणसाला घर देणे नाही' असे जाहिरातीत लिहायला मालक धजत नाही. तो ते दलालाच्या कानात सांगतो, आणि दलाल फोनवर अगदी गोड आवाजात विचारतो, "आपण कोण? मांसाहार वगैरे?" एकट्या राहणाऱ्या नोकरदार मुलीला तर याहून जास्त प्रश्न. पडद्यावर शंभर जागा दिसत असताना हिच्या वाट्याला त्यांतल्या पाचच येतात, आणि उरलेल्या पंचाण्णव का नाहीत, हे तिला कोणी लिहून देत नाही.

माझ्या मते इंटरनेटची खरी देणगी जाहिरातींच्या संकेतस्थळांवर नाही, ती सरकारी दप्तरात आहे. आणि तिकडे फार थोडे लोक फिरकतात. नोंदणी विभागाच्या ई-सर्चवर झालेल्या दस्तांचा 'इंडेक्स टू' पाहता येतो. आपण पाहत असलेल्या इमारतीत मागचे घर कागदावर कितीला गेले, ते तिथे कळते. (कागदाबाहेर किती गेले, ते अर्थात कळत नाही.) जमिनीचा सातबारा घरी बसून मिळतो. महारेराचे काम मे २०१७ पासून सुरू आहे. तिथे नोंदलेल्या प्रकल्पाचे मंजूर नकाशे आणि ताबा देण्याची तारीख आपल्याला वाचता येते, आणि ऑगस्ट २०२३ पासून बिल्डरच्या जाहिरातीवर त्यासाठी क्यूआर कोड छापावा लागतो. अशा प्रकल्पातली घरे विकणाऱ्या एजंटालाही नोंदणी लागते, आणि २०२३ च्या आदेशापासून परीक्षाही द्यावी लागते. तेव्हा त्याच्याकडे नोंदणी क्रमांक मागण्यात संकोच नको. तो 'सुपर बिल्ट-अप' आकडा सांगू लागला, तर 'चटई क्षेत्र किती?' एवढेच विचारावे.

घरमालकांनाही एक गोष्ट सांगतो. जाहिरात पाहून फोन येतो: "मी सैन्यात आहे, बदली झाली आहे, घर न बघताच पसंत आहे, डिपॉझिट पाठवतो, हा कोड स्कॅन करा." असा कोड स्कॅन करून पिन टाकला की आपल्याच खात्यातून पैसे जातात. यूपीआयवर पैसे घेण्यासाठी पिन लागत नाही.

मात्र महारेराची ही राखण भाड्याच्या व्यवहाराला नाही, आणि जुन्या इमारतींतल्या पुनर्विक्रीलाही सहसा नाही. भाडेकरूला मालकाबरोबरच्या लेखी, नोंदलेल्या लिव्ह अँड लायसन्सच्या करारावरच विसंबावे लागते. १९९९ च्या भाडे नियंत्रण कायद्याप्रमाणे तो करार नोंदवण्याची जबाबदारी घरमालकाची आहे. ही नोंदणीही आता घरबसल्या ऑनलाइन होते. अंगठा घेण्याचे छोटे यंत्र घेऊन एक माणूस घरी येतो, आणि पुष्कळदा तो आपला जुना दलालच असतो. अकरा महिन्यांनी करार पुन्हा करायचा म्हणजे पुन्हा एका महिन्याचे भाडे दलाली, असे तो सांगतो. ती कशाबद्दल, हे त्याला अंगठा देण्यापूर्वी विचारावे.